धाकटी देवी

येसाजीची थोरली बहीण मुंबईहून कायमची राहायला येणार हे कळलं, तेव्हापासून त्याच्या बायकोच्या, जयवंताच्या जिवाला घोर लागला होता. नणंद चार दिवसांची पाहुणी म्हणून आली तर गोड. ही तर जन्माची येत होती. त्यातून ती नर्स. मुंबईच्या एका मोठ्या इस्पितळात तिची सगळी हयात गेली होती आणि आता ती पेन्शनीत निघाली होती. कडाव गावच्या बायका विहिरीवर म्हणायच्या, "जयवंता, संबाळ गं. तिनं कुणाकुणाचं अंग धुतलं असंल, कुणाकुणाचं रगात पुसलं असंल. आता ती तुझ्या चुलीशी बसणार."

लढाईचे दिवस होते. त्रेचाळीस सालची दिवाळी होऊन गेली आणि भाताची झोडणी चालू असताना एका दुपारी कर्जतहून बैलगाडी आली. गाडीतून एक उंच, वाळकी, पांढऱ्या लुगड्यातली बाई खाली उतरली. पायात वहाणा, हातात एकच ट्रंक. ही बायजा. पन्नाशी उलटली होती, पण पाठ अशी ताठ की येसाजीच तिच्यापुढं वाकल्यासारखा वाटत होता.

जयवंता पायांवर पाणी घालायला पुढं झाली आणि सवयीनं पदर तोंडावर ओढून घेतला. तिच्या तोंडभर देवीचे वण होते. लहानपणी देवी येऊन गेली ती चेहरा खणून गेली. लग्न जमताना बापाला त्यापायी फार ऐकून घ्यावं लागलं होतं, आणि सासरीही मागं बोलताना तिला 'वणाची' म्हणत. हे तिला ठाऊक होतं. म्हणून अनोळखी माणूस समोर आलं की तिचा हात आपोआप पदराकडं जाई.

बायजानं तो पदर बाजूला केला. हनुवटीला दोन बोटं लावून तिचा चेहरा उजेडाकडं वळवला आणि निरखून पाहिला.

"केवढी होतीस तेव्हा?"

"सातेक वर्साची."

"दोन्ही डोळे वाचले. तुझ्या आईनं नीट जपलं हो तुला."

त्या वणांवरून जयवंतानं आजवर नाही नाही ते ऐकलं होतं. त्यात आपल्या आईची थोरवी आहे, असं मात्र कुणी म्हटलं नव्हतं.

तरी म्हणून नणंद-भावजयीचं लगेच जमलं असं नाही. बायजानं आल्या आल्या ओट्याचा एक कोपरा बळकावला. सकाळपासून तिथं लोक येऊन बसत. कुणाचे डोळे आलेले, कुणाच्या पायाला विळा लागून चिघळलेला, कुणाच्या पोराचं पोट फुगलेलं. सगळ्यांना ती उकळलेल्या पाण्यानं धुवी आणि ते पाणी उकळायचं काम येई जयवंताकडं. विहिरीवरून आणायचं तिनं, सरपण जाळायचं तिनं. "वन्सं, पाणी काय फुकट हाय?" असं ती एकदा वैतागून म्हणालीही. दुसऱ्या दिवशी पहाटे उठून बायजानं स्वतः दोन हंडे आणले आणि दाराशी ठेवले. तेव्हापासून जयवंतानं तोंडातून ब्र काढला नाही. मात्र हळूहळू ती पाणी देऊन परत फिरायची ती तिथंच उभी राहायला लागली. जखम धरायची कशी, पट्टी ओढायची किती, हे पाहता पाहता तिच्या हातालाही कळू लागलं.

फाल्गुनात डोंगराच्या अंगाला पळस फुलला होता, तेव्हाची गोष्ट. ठाकूरवाडीचा गोमा येऊन अंगणाच्या बाहेर, कुडाशी उभा राहिला. एरवी तो लाकडाची मोळी घेऊन सरळ आत यायचा. आज आत येईना.

"बाय, आमच्या वाघ्याच्या घरात देवी आलीया," तो लांबूनच म्हणाला. वाघ्या हा त्याचा धाकटा भाऊ. खालापूरच्या बाजूला कोळशाच्या भट्ट्यांवर कामाला गेला होता, तिथून ताप घेऊन आला. आता तो, त्याची बायको जिजा आणि त्यांची म्हातारी आई, तिघंही पडून होते. जिजाची तान्ही पोरगी गोमाच्या बायकोनं उचलून नेली होती. "बाकीची समदी रानात वर गेली. घरात पानी द्यायला कोन नाय."

येसाजीनं हातातला दोर खाली ठेवला. "आक्का, तू काय आमचं ऐकनार नायस. पन गावात परत येताना काय? घरात पोरं हायती."

"नाहीच येणार घरात," बायजा म्हणाली. "तुझ्या माळाच्या शेतावर खोपटी आहे ना, तिथं राहीन. वाडीतला शेवटचा माणूस खपली टाकून उठला की मग येईन. आणि येसाजी, उद्याच्या उद्या कर्जतला जाऊन देवी-डॉक्टरला घेऊन ये. आधी तुझ्या सोमीला आणि नामाला टोचायचं. तूही टोचून घे."

देवी टोचणाऱ्या सरकारी माणसाला सगळीकडं देवी-डॉक्टरच म्हणत.

मग ती स्वयंपाकघरात आली. जयवंता चुलीशी भात वेळत होती. बायजा तिच्यासमोर पाटावर बसली.

"मला टोचलेलं आहे, मला भीती नाही. पण तिघं माणसं म्हणजे एका बाईचं काम नव्हे. कुशीवर वळवायचं, धुवायचं, भरवायचं. मला अजून दोन हात हवेत. सगळ्या गावात बिनघोर नेता येईल अशी मला तूच दिसतेस."

"मी?"

"तुला येऊन गेली आहे. एकदा येऊन गेली ती पुन्हा येत नाही."

जयवंता निवळीकडं बघत राहिली. ज्या तोंडाला लोक नाकं मुरडायचे, त्याच तोंडाकडं बघून ही बाई म्हणत होती की गावात तूच उपयोगाची. पोरांचा विचार मनात आला, घराचा आला, लोक काय म्हणतील हाही आला. तिनं पातेलं खाली उतरवलं.

"पोरांना टोचलेलं मी माज्या डोळ्यांनी बघनार. मग येते."

दुसऱ्या दिवशी तसंच झालं. सोमी आणि नामा दंड धरून रडत होते आणि त्यांची आई लुगड्याची एक घडी आणि तांदळाचं गाठोडं घेऊन नणंदेच्या मागोमाग डोंगराकडं निघाली. देवी-डॉक्टरही बरोबर होता.

वाडीत माणूस दिसत नव्हतं. दारांना कडुनिंबाचे डहाळे लावलेले, चुली थंड. देवी-डॉक्टरनं रानाकडं तोंड करून बऱ्याच हाका मारल्या. वर झाडीत कुठं तरी पाचोळा वाजला, पण खाली कुणी आलं नाही. उन्हात लस टिकत नाही, म्हणून तो फार वेळ थांबेना. आणखी लस आली की कडावच्या बाजारच्या दिवशी पुन्हा येतो म्हणून निघून गेला.

वाघ्याच्या खोपटात शिरताच जयवंताला वासानंच भोवळ आली. ती बाहेर येऊन कुडाला धरून उभी राहिली. तिला वाटलं, वन्सं बोलणार. बायजा आतून एवढंच म्हणाली, "होतं तसं. दम खा आणि ये." आणि ती आत गेली.

मग पुढचे कितीतरी दिवस दोघींनी एकच काम केलं. वाघ्या तापात बरळायचा, त्याला धरून ठेवायचं. म्हातारीच्या तोंडात पेजेचं पाणी थेंब थेंब सोडायचं. जिजाच्या अंगाला फोडांमुळं तीळभर जागा उरली नव्हती. तिच्या पाठीखाली केळीची पानं घालायची आणि ती बदलत राहायची. डोळ्यांवरचा पू ओल्या कापडानं भिजवून पुसायचा, चिकटू द्यायचा नाही. बायजाचे हात हे सगळं करताना असे चालत की बघणाऱ्याचं दुखणं कमी व्हावं. ती आजाऱ्याशी बोलतही असे. 'आता उजव्या कुशीला वळायचं हं, आता गार लागेल हं.' शुद्धीत नसलेल्या माणसालाही ती आधी सांगे, मग हात लावी. जयवंतानं एकदा विचारलं, "त्यांना कुठं ऐकू जातंय, वन्सं?"

"मला जात होतं," बायजा म्हणाली.

त्या दुपारी ओढ्याच्या काठी कपडे उकळता उकळता तिनं सांगितलं. येसाजी पाळण्यात होता, तेव्हा बायजा अकरा-बारा वर्षांची होती आणि खालापूरकडच्या गावात सासरी नांदत होती. प्लेगची साथ आली. नवरा आधी गेला. मग बायजाच्या काखेत गाठ उठली. घरच्यांनी तिला गावाबाहेरच्या प्लेगच्या झोपड्यांत नेऊन ठेवलं आणि ती सगळी दुसऱ्या गावाला निघून गेली.

"मी मेलेच असं धरून गेली ती. त्यांना तरी काय बोल लावायचा, भ्यालेली माणसं. पण तिथं मुंबईहून आलेली एक नर्स होती. ख्रिस्ती होती, बोलायची मोडकंतोडकं. ती माझ्याजवळ बसायची. औषध तरी काय होतं तेव्हा? नुसती बसायची आणि बोलायची. मला हलताही येत नव्हतं, पण ऐकू सगळं येत होतं. बरी झाले तेव्हा परत न्यायला कोणी आलं नाही. मग तिच्याच मागं गेले. आधी इस्पितळात फरशा पुसल्या, मग शिकले."

"आनि माहेरी का नाय आलात?"

"आले होते. विधवा पोर घरात बसवून बाबा काय करणार होता? मीच म्हटलं, जाते." तिनं काठीनं कपडे वरखाली केले. "वाईट नाही झालं, जयवंता. माझ्या हातून चार माणसं उठली."

संध्याकाळी दोघी खोपटीवर येत. येसाजी बांधाच्या पलीकडं भाकऱ्यांचं टोपलं ठेवून उभा असे आणि ओरडून पोरांची खबर सांगे. सोमीचा दंड सुजला, सोमीचा दंड उतरला, नाम्यानं खपली खाजवली. एकदा तो सांगत सांगत बांध ओलांडून आला आणि खोपटीच्या दाराशी बसला.

"अवं, इकडं कशाला?" जयवंता घाबरली.

"मलाबी टोचलंय," येसाजी म्हणाला. "आता काय लांब बसायचं."

वाघ्या वाचणार असं दिसायला लागलं, त्याच सुमाराला म्हातारी गेली. तिला माती द्यायला तरी वाडीतलं माणूस हवं. बायजा रानाच्या वाटेवर जाऊन हाक मारून आली, आणि त्या हाकेला वाडीच्या देवाचं करणारा धोंडी भगत एकटा खाली आला. हातात कुदळ होती. तो जवळ आला तेव्हा जयवंताला दिसलं, त्याच्याही तोंडभर वण होते.

तिघांनी मिळून म्हातारीला माती दिली. धोंडीनं काय म्हणायचं ते म्हटलं, तांदूळ टाकले आणि ओढ्यावर हात धुऊन झाडाखाली बसला. बायजा जिजाकडं आत गेली. भगत बराच वेळ जयवंताच्या तोंडाकडं पाहत होता. तिनं पदर ओढला नाही.

"तुलाबी येऊन गेली?"

"सातव्या वर्सी."

"मला जवान झाल्यावर." त्यानं रानाकडं हात केला. "लोक समदं वरनं बघतात. म्हनतात, गावची बाय रोज आत जाती, तिला कशी धरत नाय? मी सांगितलं, तिचं देनं फिटलंय."

"मग तुमी त्यांना खाली का आनत नाय, बाबा? त्या डाक्तरकडनं टोचून घेतलं तर त्यांचंबी फिटंल."

"सुई लावली तर देवी कोपती."

जयवंता विचारात पडली. बायजाचं औषधाचं ज्ञान तिच्यापाशी नव्हतं. पण खोपटीच्या दाराशी बसलेल्या येसाजीच्या दंडावर पाहिलेला तो एकुलता एक फोड तिला आठवला. तो हुबेहूब देवीच्या फोडासारखाच होता, फक्त एकच होता. आणि लस गाईच्या सडावरच्या फोडातली असते, असं पोरांना टोचताना देवी-डॉक्टर बोलला होता.

"थोरली कोपती, पन धाकटीचं काय?" ती म्हणाली. "टोचल्यावर येते ती धाकटी. गाईच्या सडावर असते ती. येते, दंडावर एक फोड देते, जरा ताप देते, खून ठेवते आनि जाते. मग थोरली दारात आली तर ती खून बघते आनि म्हनते, हितं माजी भन येऊन गेली. पुढं जाते. माज्या पोरांना आनलीय मी धाकटी. त्यांच्या बापालाबी."

धोंडीनं हे मनाशी घोळवलं. "तिला काय द्यावं लागतं? कोंबडं?"

"काय नाय. ती यायच्या आधी दंड धुवायचा, चोळून. आनि ती गेल्यावर त्या जागी राख नाय, शेन नाय, पाला नाय, काय म्हनून लावायचं नाय. तेवढं एक ती मागते."

"एवढंच?"

"एवढंच."

भगत उठला, कुदळ खांद्यावर टाकली आणि वर निघून गेला. जयवंता वळली तर खोपटाच्या दारात बायजा उभी. तिनं सगळं ऐकलं होतं. जयवंताचं तोंड उतरलं.

"खोटं बोलले का मी, वन्सं?"

"नाही गं. एकाच घराण्यातल्या आहेत त्या." आणि बायजा हसली. इतक्या दिवसांत जयवंतानं तिला हसताना पहिल्यांदा पाहिलं. वरचा एक दात नव्हता, आणि हसली की ती अगदी येसाजीसारखी दिसे.

बाजारच्या दिवशी देवी-डॉक्टर आला तेव्हा वाडीच्या तोंडाशी, मोहाच्या झाडाखाली, सगळी ठाकूरवाडी उभी होती. पोरं, म्हातारे, पोटुशा बाया. पुढं गोमा होता आणि त्याच्या हातांवर जिजाची तान्ही पोरगी होती. जयवंता ओढ्याचं पाणी तापवून एकेकाचा दंड साबणानं चोळून धुवायला बसली. तो कार्बोलिकचा वास पोरांना इतका नवा होता की ती हात हुंगत होती. बायजा एकेकाला पुढं घेई, दंड धरी आणि कानाशी काहीतरी बोले. पोरगं रडायच्या आत टोचून झालेलं असे. देवी-डॉक्टरला तोंड वर करायची फुरसत मिळाली नाही. शेवटी धोंडी भगतानंही दंड पुढं केला.

"तुम्हांला नको, बाबा," बायजा म्हणाली. "तुमचं झालंय."

"मी टोचून घेतलं नाय तर ही मान्सं उद्या बोलतील. टोच."

तिनं त्यालाही टोचायला लावलं.

त्यानंतर वाडीत आणखी थोडी माणसं आजारी पडली, पण त्यांना फोड तुरळक आले आणि ती लवकर उठली. वाघ्या काठी टेकत ओढ्यापर्यंत जायला लागला. जिजाही वाचली, पण तिचा एक डोळा गेला. त्या दिवशी बायजा खोपटीवर आली आणि भाकरीला शिवली नाही. जयवंतानं पुन्हा पुन्हा म्हटलं, "वन्सं, तुमी काय कमी केलंत?" तेव्हा ती म्हणाली, "कमी नाही केलं. पण पहिले दिवस ती एकटी पडून होती, तेव्हा कुणी पुसलं असतं तर राहिला असता." तिनं देवाला दोष दिला नाही आणि स्वतःची समजूतही घातली नाही. सकाळी उठली आणि जिजाला एका डोळ्यानं सुईत दोरा ओवायला शिकवायला गेली. माय-लेकीची गाठ खपल्या पडल्यावर घालून दिली. पोरीनं आधी आईला ओळखलं नाही, ती रडायला लागली. जिजा बोलली, तेव्हा आवाजावरून गप्प झाली.

चैत्र सरताना दोघी कडावला परतल्या. विहिरीवरच्या बायका पहिले काही दिवस घागर उचलून बाजूला होत. मग त्यांच्यातल्याच भागूबाईची सून अडली, तेव्हा मध्यान्हीला तिचा सासरा धावत येसाजीच्या ओट्याशी आला आणि म्हणाला, "बायजाबाय, चला. आनि तुमच्या भावजयीलाबी घेऊन चला." सून सुटली, मुलगा झाला. विहिरीवरचं सगळं मागं पडलं.

पुढची वर्षं अशीच गेली. हिवतापाची साथ आली तेव्हा त्यावरचं कोयनेल औषध बाजारात मिळेना. बायजा दहिवलीपासून खालापूरपर्यंत जिथं मिळेल तिथून पुड्या आणी आणि घरोघर समोर बसून गिळायला लावी. वाड्या-पाड्यांवरून बोलावणी येत आणि ती पायी जाई. आता गुडघे धरत, तरी जाई. सत्तेचाळीस सालच्या शेवटाला कल्याणजवळच्या छावणीत सिंधमधून घरदार सोडून आलेली माणसं उतरली. तिथं आजार फार आहेत असं तिनं कर्जतला ऐकलं आणि परत येऊन ट्रंक भरायला घेतली. येसाजी म्हणाला, "आक्का, साठीला आलीस. तिथं काय कमी मान्सं हायती?" ती म्हणाली, "माणसं खूप आहेत, म्हणून तर जाते." आणि गेली.

गेली ती पुढच्या शिमग्यालाच परत आली. वाळून काडी झाली होती. गाडीतून उतरली तेव्हा ओट्यावर रोजच्यासारखी माणसं बसली होती. जयवंता एका पोराच्या कानात तेल सोडून आत अडकलेला दाणा काढत होती. तिला उठता येईना.

"वन्सं, जरा बसा. आनि हे तुमीच बघा ना, मला दिसंना."

बायजानं पोराच्या कानाकडं पाहिलं नाही. पायांवर पाणी घेतलं, ओट्याच्या दुसऱ्या टोकाला भिंतीशी टेकून बसली आणि म्हणाली, "तुझ्या हातात आहे तर तूच काढ. मी भाकरी खाते."

सोमीनं ताट आणलं. बायजा सावकाश जेवली. दाणा निघाला, पोरगं पळालं, माणसं पांगली. मग जयवंता येऊन तिच्याशेजारी टेकली आणि तिनं बायजाचा सुजलेला पाय मांडीवर घेतला. बायजा छावणीतलं थोडंसं बोलली. एका म्हातारीनं तिला तिकडच्या तऱ्हेनं भाजी करायला शिकवली होती, ते सांगितलं.

मग म्हणाली, "गाडीत चौक गावचा एक माणूस भेटला. त्यांच्या वरच्या पाड्यावर अजून एकालाही टोचलेलं नाही म्हणत होता. कोळशावर जाणारी माणसं आहेत."

"वन्सं, तुमचा पाय बघा की."

"पाय गाडीत ठेवीन. चालायचं तू." तिनं येसाजीकडं पाहिलं. "उद्या बैल मोकळे आहेत का रे?"

येसाजी उठला, मागच्या पडवीत गेला आणि गाडीच्या चाकांना लावायला वंगणाचं नळकांडं शोधू लागला.